बेरियमचा आकडा वाचलात, शेजारचा सल्फेटचा वाचलात का?

गेल्या अंकात नळाच्या पाण्यातल्या धातूंवर लिहिताना बेरियमचा उल्लेख मी ओझरता केला आणि पुढे गेले. वाचकांनी मात्र मला पुढे जाऊ दिलं नाही. शिसं, आर्सेनिक ही नावं लोकांना सवयीची झाली आहेत. बेरियम म्हटलं की एक्स-रेच्या आधी प्यायचं ते पांढरं पाणी तेवढं आठवतं, आणि तेच नळात आहे म्हटल्यावर माणूस दचकतो. म्हणून हे सगळं सदर त्यालाच देते. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत, नावं गाळली आहेत. पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केल्याने मला आधी आकडा विचारायची खोड आहे, ती उत्तरांत दिसेलच.

प्रश्न : आमच्या भागाला खोल विहिरींचं पाणी नळाने येतं. पाणीपुरवठा विभागाची सूचना आली आहे की पाण्यात बेरियम लिटरला २.४ मिलिग्रॅम आहे आणि मर्यादा २ ची आहे. ‘अनेक वर्षं असं पाणी प्यायल्यास काहींचा रक्तदाब वाढू शकतो’ असंही लिहिलंय. वडिलांना बीपीच्या गोळ्या चालू आहेत. आजपासून पाणी बंद करायचं का? आणि ताई, आजवर प्यालो त्याचं काय?

उत्तर : वडिलांच्या गोळ्या बंद करू नका, हे आधी. पाण्यात काही सापडलं म्हणून औषध आपल्या मनाने कमी-जास्त करणारी माणसं मी पाहिली आहेत.

आता आकडा. २ मिलिग्रॅमची मर्यादा अमेरिकेची, १९९१ साली ठरलेली. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा बरीच वर्षं ०.७ होता, तो नंतर १.३ झाला. भारतीय मानकात आजही ०.७ आहे आणि त्यात सवलत नाही. कॅनडात आधी १ होता, २०२० मध्ये २ झाला. एकाच धातूला इतके आकडे कसे, असं वाटणं साहजिक आहे. यातला कुठलाच आकडा ‘याच्या पुढे विष’ असं सांगणारी रेघ नाही. आयुष्यभर रोज प्यायलं तरी चालेल अशी पातळी शोधायची आणि खाली भरपूर जागा सोडायची, असा तो हिशोब असतो. किती जागा सोडायची यावर तज्ज्ञांचं एकमत होत नाही, एवढंच.

हल्लीचा हिशोब उंदरांच्या मूत्रपिंडांवरून आला आहे. बेरियमयुक्त पाणी दीर्घकाळ पाजलेल्या उंदरांची मूत्रपिंडं कुठल्या मात्रेला बिघडतात ते पाहून, तिला ३०० ने भागून, माणसासाठी वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.२ मिलिग्रॅम ही मात्रा काढली गेली. साठ किलोच्या माणसाला ती १२ मिलिग्रॅम झाली. तुमचं पाणी दिवसाला दोन लिटर प्यायलं तर पोटात ४.८ मिलिग्रॅम जातं. अन्नातूनही थोडं येतं. म्हणजे मर्यादा ओलांडली हे खरं, आणि त्या मात्रेच्या निम्म्यापर्यंतही गेलात नाही हेही खरं. एकदम विषबाधा व्हायला काही शे मिलिग्रॅम लागतात. २०० धरले तरी तुमचं ऐंशी लिटरहून जास्त पाणी एका बैठकीत प्यावं लागेल. आजवर प्यालात त्यासाठी रात्रीची झोप घालवू नका.

रक्तदाबाचं प्रकरण गमतीचं आहे. सूचनेतलं ते वाक्य अमेरिकी नियमाच्या ठरीव मजकुरातलं आहे. प्रत्यक्षात माणसांवर जे अभ्यास झाले त्यात रक्तदाब वाढलेला आढळला नाही. इलिनॉय राज्यात खोल वालुकाश्मातलं पाणी पिणाऱ्या गावांत बेरियम बरंच असायचं. तिथल्या दोन गावांची तुलना झाली. वेस्ट डंडीच्या पाण्यात सरासरी ७.३ मिलिग्रॅम, मॅकहेन्रीच्या पाण्यात ०.१. दोन्हीकडचे मिळून दोन हजारांवर प्रौढ तपासले, रक्तदाबात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर अकरा पुरुषांना काही आठवडे ५ आणि मग १० मिलिग्रॅमचं पाणी मुद्दाम पाजलं, तरी रक्तदाब जागचा हलला नाही. पण हे अकरा जण धडधाकट होते. वयस्कर, मूत्रपिंड आधीच दुबळं झालेल्या माणसाबद्दल त्यावरून काहीही म्हणता येत नाही, आणि मला तिथेच सावध राहावंसं वाटतं. वडिलांची मूत्रपिंडाची तपासणी अलीकडे झाली नसेल तर करून घ्या, डॉक्टरांना ही सूचना दाखवा. विभाग पाणी सुधारेपर्यंत त्यांच्यासाठी आणि घरात तान्हं मूल असल्यास त्याच्यासाठी पिण्याचं पाणी वेगळं ठेवा. बाळाच्या आतड्यातून बेरियम मोठ्यांपेक्षा जास्त शोषलं जातं आणि वजनाच्या मानाने ते पाणीही जास्त पितं.

एक सापळा आहे तो सांगते. बेरियम काढायला पाणी मऊ करणारं सॉफ्टनर उत्तम चालतं. पण ते कॅल्शियम, मॅग्नेशियम, बेरियम सगळं धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. पाण्याचा जडपणा लिटरला ३०० मिलिग्रॅम असेल तर लिटरमागे सुमारे १३८ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. बीपीच्या भीतीने बेरियम घालवायचं आणि मीठ कमी करायला सांगितलेल्या माणसाला रोज सोडियम पाजायचं, हा उफराटा उद्योग झाला. पिण्यापुरता आरओ लावलात तर दोन्ही जातात. यंत्र घेताना बेरियम कमी करत असल्याचं प्रमाणपत्र आहे का ते विचारा. आरओसाठी एनएसएफ या अमेरिकी संस्थेच्या ५८ क्रमांकाच्या मानकात बेरियमची चाचणी आहे. ‘सगळं काढतं’ हे विक्रेत्याचं वाक्य झालं, ते प्रमाणपत्र नव्हे.

प्रश्न : पाणी वीस मिनिटं उकळून, गाळून पितो. शिवाय टीडीएस मीटर आहे, तो १५० दाखवतो. मग बेरियमची काळजी नको ना?

उत्तर : उकळल्याने जंतू मरतात. बेरियम धातू आहे, तो मरत नाही आणि वाफेबरोबर उडतही नाही. पाणी आटतं आणि उरलेल्यात त्याचं प्रमाण वाढतं. कोळशाची गाळणी, क्लोरीन, अतिनील दिवा यांपैकी कुणाचंच इथे काम नाही. टीडीएस मीटर तर पाण्यातून वीज किती सहज जाते एवढंच पाहतो. १५० मध्ये बेरियम २ आहे की ०.०२, हे त्याला कळायचा प्रश्नच नाही. तो मीटर खणात ठेवा, आरओची जाळी थकली का ते बघायला कामाला येईल.

प्रश्न : माझ्या अहवालात बेरियम १८० लिहिलंय आणि मर्यादा ०.७! प्रयोगशाळेचा माणूस फोनवर ‘ठीक आहे’ म्हणतो. ठीक कसं?

उत्तर : १८० च्या पुढचं एकक वाचा. मायक्रोग्रॅम असणार. हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम, म्हणजे तुमचं ०.१८. ठीक आहे. मात्र एकाच कागदावर आकडा एका एककात आणि मर्यादा दुसऱ्यात छापणाऱ्यांना दोन शब्द सुनावले असतेत तर मला आवडलं असतं.

प्रश्न : मी बारावीत आहे. आमच्या पाण्यात बेरियम निघालं, पण जवळपास एकही कारखाना नाही. मग ते आलं कुठून? पाण्याला आधी अंड्यासारखा वास यायचा, त्याचा काही संबंध आहे का?

उत्तर : आहे, आणि वासाचा उल्लेख करणारं तुझं हे एकटंच पत्र. शाबास.

कारखाना लागतोच असं नाही. बेरियम खडकातच असतं, मुख्यतः बेरियम सल्फेटच्या रूपात. त्या खनिजाला बेराइट म्हणतात. बारावीत विद्राव्यता गुणाकार शिकला असशील, म्हणजे सहज न विरघळणारा क्षार पाण्यात किती उतरू शकतो ते सांगणारा आकडा. बेरियम सल्फेटचा तो २५ अंशांना १०⁻¹⁰ च्या घरात आहे. हिशोब करून बघ, शुद्ध पाण्यात बेराइट टाकलं तर लिटरमध्ये जेमतेम १.४ मिलिग्रॅम बेरियम उतरतं. आता त्याच पाण्यात आधीपासून १० मिलिग्रॅम सल्फेट असेल तर बेरियम ०.१५ च्या आसपास अडतं. सल्फेट १०० असेल तर बेरियम शतांशांत. याला समआयन परिणाम म्हणतात, तो तुझ्या पुस्तकात आहे. परीक्षेत दोन गुणांना येतो तो धडा जमिनीखाली अख्ख्या गावाचं पाणी ठरवतो.

म्हणजे बहुतेक पाण्यात बेरियम कमी असतं ते सल्फेटच्या पहाऱ्यामुळे. हा पहारा कोण उठवतं? फार खोल, जिथे वरून हवा पोचत नाही तिथे काही जिवाणू श्वासासाठी ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरतात आणि त्याचा हायड्रोजन सल्फाइड करून सोडतात. तोच तुला आलेला कुजक्या अंड्याचा वास. सल्फेट संपलं की खडकातलं बेराइट विरघळायला मोकळं होतं. वास आला म्हणजे बेरियम आहेच असं मात्र नाही, खडकात ते असावं लागतं. आणि वास गेला म्हणजे बेरियम गेलं असंही नाही. शुद्धीकरण केंद्रात पाणी हवेत खेळवलं की वायू उडून जातो, बेरियम राहतं. तुझा वास ‘आधी यायचा’ आणि आता येत नाही, याचं कारण कदाचित हेच असेल.

माणसाच्या हातून येतं तेही सांगते. तेल आणि वायूच्या विहिरी खोदताना चिखल जड करायला बेराइट टनांनी वापरतात. ते न विरघळणारं, म्हणून तुलनेने निरुपद्रवी. पण त्या विहिरींतून वर येणारं खारं पाणी वेगळं. अमेरिकेतल्या मार्सेलस शेल या वायू देणाऱ्या खडकातल्या विहिरींच्या सांडपाण्यात बेरियम लिटरला हजारो मिलिग्रॅमपर्यंत सापडलं आहे. शोभेच्या दारूतला हिरवा रंगही बेरियमच्या नायट्रेटचा. पण नळाच्या पाण्यात ते निघालं तर मी आधी विहिरीच्या खोलीची चौकशी करीन आणि मग कारखान्यांची.

प्रश्न : आमच्या पाणी समितीने दोन प्रयोगशाळांत नमुने दिले. एकीकडे बेरियम १.९ आलं, दुसरीकडे ०.३. नळ तोच, दिवस तोच. कुणाचं खरं धरायचं? आणि विभाग म्हणतो की दुसऱ्या स्रोताचं पाणी मिसळून प्रश्न सोडवू. हे बरोबर आहे का?

उत्तर : दोन्ही अहवालांत सल्फेट किती आलं ते तुम्ही लिहिलं नाहीत. मी असते तर आधी तेच पाहिलं असतं. सल्फेट लिटरला एक-दोन मिलिग्रॅमच्या आत असेल तर १.९ पटण्यासारखं आहे. सल्फेट ५०-६० असताना १.९ आलं असेल तर नमुन्यात गाळाचे कण गेले किंवा कुणीतरी चूक केली, कारण तेवढं बेरियम तिथे विरघळलेलं फार काळ राहूच शकत नाही. मी कुठलाही अहवाल हातात घेतला की हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून बघते. सोबत राहू न शकणारे दोघे एकाच कागदावर नांदताना दिसले की नमुना पुन्हा मागवायचा.

०.३ कसं आलं असेल याबद्दल मला एक दाट शंका आहे. प्रयोगशाळा बाटल्या देते तेव्हा त्यांत आधीच आम्लाचे थेंब घातलेले असतात. धातूंच्या बाटलीत नायट्रिक आम्ल, म्हणजे धातू भिंतीला चिकटत नाही. नत्राच्या काही चाचण्यांसाठी असते तिच्यात गंधकाम्ल. दोन्ही बाटल्या पांढऱ्या, दोन्ही प्लास्टिकच्या, फरक झाकणाच्या रंगाचा किंवा चिठ्ठीचा. घाईत बेरियमचा नमुना गंधकाम्लाच्या बाटलीत गेला की आम्लातलं सल्फेट बेरियमला तिथल्या तिथे पकडतं. तळाशी पांढुरकी धूळ बसते, कधी ती नजरेलाही दिसत नाही, आणि वरचं निवळ पाणी यंत्रात गेलं की आकडा छान कमी येतो. समितीला आनंद होतो, पाणी आहे तसंच राहतं.

दुसरी खोड घेणाऱ्याची. बाटली हातात आली की आपण ती आधी विसळतो. जन्माची सवय. इथे विसळलं की आम्ल मोरीत. नळाला जाळी असेल तर ती काढा, गाळणी आणि सॉफ्टनरच्या अलीकडच्या नळाचं थंड पाणी घ्या, ते काही मिनिटं वाहू द्या, चिठ्ठी बाटली कोरडी असतानाच लिहा, आणि काठोकाठ न भरता खांद्यापर्यंत भरा. हाताला थेंब लागला तर लगेच धुवा. सल्फेटसाठी वेगळी, आम्ल नसलेली बाटली मागून घ्या आणि थंड ठेवा. एका नमुन्यावर भांडू नका. वेगवेगळ्या महिन्यांतले आकडे मागा, कारण विहिरी आळीपाळीने चालवल्या जातात आणि आज कुठली चालू होती यावर नळातलं बेरियम बदलतं.

मिसळणं हा चांगला उपाय आहे, स्वस्तही. बहुतेक ठिकाणी जास्त बेरियमची विहीर बंद करतात नाहीतर तिचं पाणी पातळ करतात. पण दुसऱ्या स्रोतात सल्फेट भरपूर असेल तर दोन पाणी भेटतात तिथे बारीक बेराइट तयार होणार. ते टाकीत, म्हणजे निवळायला वेळ आणि जागा आहे तिथे झालं तर उत्तम. तुमच्या गल्लीतल्या जलवाहिनीत झालं तर गढूळपणा आणि थर. शिवाय जुन्या लोखंडी नळांतल्या गंजाच्या आणि मँगनीजच्या थरांनी आजवर बेरियम धरून ठेवलेलं असतं. पाण्याची जात बदलली की ते थर सुटू शकतात. म्हणून मिसळ सुरू झाल्यावर नमुना केंद्रातला नको, शेवटच्या घरातला घ्या. विभागाला आणखी एक गोष्ट विचारा, ती सहसा कुणी विचारत नाही: रेडियम तपासलं का? आवर्तसारणीत दोघं एकाच स्तंभात, एकाखाली एक बसतात, आणि इलिनॉयच्या त्या खोल वालुकाश्मातही दोघं सोबतच सापडतात. मला रेडियमची काळजी बेरियमपेक्षा जास्त वाटते. ते किरणोत्सारी आहे आणि कर्करोगकारक ठरलेलं आहे, तोंडावाटे जाणाऱ्या बेरियमबद्दल तसं म्हणता येत नाही.

प्रश्न : आईला पोटाच्या एक्स-रेसाठी पेलाभर बेरियम पाजलं. डॉक्टर पेला भरून देतात आणि तुम्ही लोक दोन मिलिग्रॅमवर आरडाओरडा करता. नक्की खरं काय?

उत्तर : दोन्ही. पेल्यात बेरियम सल्फेट असतं. पोटातल्या आम्लातही ते विरघळत नाही, जसं गेलं तसं बाहेर पडतं. पाण्यातलं बेरियम विरघळलेलंच असतं, म्हणून शरीरात शिरतं. ते पेशींतून पोटॅशियम बाहेर यायच्या वाटा बुजवतं. मात्रा मोठी असेल तर रक्तातलं पोटॅशियम घसरतं, हातपाय लुळे पडतात, हृदयाचे ठोके बिघडतात. चीनच्या सिच्वान प्रांतात गेल्या शतकाच्या पूर्वार्धात असे लुळेपणाचे झटके लोकांना येत असत. शोध घेतल्यावर खाण्याच्या मिठात बेरियम क्लोराइड निघालं. २००३ साली ब्राझीलमध्ये एक्स-रेच्या औषधातच सल्फेटबरोबर कार्बोनेट राहून गेलं होतं. कार्बोनेट पोटातल्या आम्लात विरघळतं. माणसं दगावली.

अशा विषबाधेत दवाखान्यात काय देतात? पोटॅशियम, आणि तोंडाने मॅग्नेशियमचं किंवा सोडियमचं सल्फेट. म्हणजे जमिनीखाली जो पहारा असतो तोच आतड्यात बसवतात. हे वाचून कुणी नळाच्या पाण्यावर उतारा म्हणून मॅग्नेशियम सल्फेट घ्यायला निघाल, तर नको. ते जुलाबाचं औषध आहे, आणि जुलाबातून पोटॅशियमच जातं.

प्रश्न : आंघोळ, भांडी, कपडे, झाडं?

उत्तर : सगळं चालेल. कातडीतून बेरियम जवळजवळ शिरतच नाही. आरओचं पाणी आंघोळीला वापरू नका, निम्म्याहून जास्त पाणी मोरीत जातं. त्या सांडलेल्या पाण्यात मूळच्यापेक्षा जास्त बेरियम असतं, तेव्हा ते फरशी पुसायला वापरा आणि कुत्र्याच्या भांड्यात ओतू नका.